कापल्यावरही उभं

आश्विन लागला की मला एका जागी बसवत नाही. वयाचं म्हणावं तर चाळिशीला अजून अवकाश आहे, आणि रक्तदाब म्हणावा तर तो डॉक्टरांनी तपासून झाला. वाशीमला आमच्या कॉलेजच्या मागच्या रस्त्यानं सोयाबीन मळायचा हडंबा ट्रॅक्टरमागे खडखडत जातो आणि वर्गात चाललेलं माझं वाक्य मधेच तुटतं. पोरं एकमेकांकडे बघतात. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, "लागलं मॅडमले सोयाबीन." मी ऐकलंच नाही असं दाखवते. पण मनगटं खाजायला लागलेली असतात. मळणीच्या भुशाची, आमच्या कुटाराची ती खाज. रस्त्यावरून कुटार वर्गापर्यंत येत नाही, खाज मात्र बरोबर येते.

सहकारी म्हणतात, चार दिवस रजा काढा, कुठंतरी फिरून या. कुठं फिरू, बाप्पा? अकोल्याकडच्या गाडीत बसलं की थोड्या वेळात जऊळका येतं, आणि जऊळक्याहून आमचं गाव ते काय लांब! पण तिथं जायचं म्हणजे कोणी बोलवायला पाहिजे. आणि आश्विनात मला घरून बोलावणं येणं बंद झालंय. ते का बंद झालं, हे सांगायचं तर मला त्या एका हंगामाकडे जावं लागतं, जो मी अर्धा नागपूरच्या प्रयोगशाळेत आणि अर्धा आमच्या वावरात काढला. प्रयोगशाळेत असले की डोळ्यांपुढे आभाळ यायचं आणि वावरात असले की बोटाएवढी प्लास्टिकची ट्यूब.

त्या वेळी मी पीएचडी करत होते. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हिरवंगार वावर बघता बघता हळद लावल्यासारखं होतं आणि शेंगा पोचट राहतात. तो रोग करणाऱ्या विषाणूचं वरचं कवच ज्या प्रथिनाचं असतं, ते प्रथिन मला प्रयोगशाळेत शुद्ध बनवायचं होतं. तसं झालं तर पान हिरवं असतानाच रोग ओळखणारी चाचणी करता आली असती. गावात मात्र सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की नंदा औषध शोधते आहे.

"काय वं नंदे, निंगालं का औषध?" आमच्या शेजारच्या काकू दर सुट्टीत विचारायच्या.

"औषध नाही काकू. रोग वळखाची तपासनी हाये."

"अवं, पिवयं पडलं की आंधयाले दिसते! त्याच्यासाठी नागपूर कायले लागते?"

मी सांगायचे, पिवळं पडायच्या आधीच कळलं तर तेवढी झाडं उपटता येतात, बाकीचं वावर वाचतं. काकू "बरं बरं" म्हणायच्या. त्या "बरं बरं"मध्ये, शिकून शिकून पोरीचं डोकं बसलं बिचारीचं, एवढा सगळा मजकूर असायचा.

आता हे प्रथिन बनवायचं कसं? ते काम आम्ही बॅक्टेरियावर टाकतो. तो इमानदारीनं बनवतो, पण स्वतःच्या हजार प्रथिनांच्या गर्दीत ते सोडून देतो. त्यातून आपलं नेमकं काढायचं म्हणून त्याला आधीच एक शेपूट जोडलेलं असतं. त्याला टॅग म्हणतात. लहानपणी जत्रेला नेताना माय माझ्या वेणीला लालभडक रिबन बांधायची. पोरगी गर्दीत घुसली तरी रिबन दिसावी आणि धरून ओढता यावी. टॅग म्हणजे ती रिबन. माझ्या प्रथिनाचं शेपूट तर प्रथिनापेक्षाही मोठं होतं. आणि ते नुसतं धरायला नव्हतं. त्या शेपटाच्या जिवावर माझं प्रथिन पाण्यात नीट विरघळून राहायचं. प्रयोगशाळेत आम्ही त्याला "उभं आहे" म्हणायचो. जे विरघळून राहिलं ते उभं, जे पांढरा साका होऊन तळाला गेलं ते बसलं.

मग शेपूट राहू द्यावं की! सगळे हेच विचारतात. पण राहू देता येत नाही. त्या प्रथिनावरून पुढे जी प्रतिपिंडं तयार करायची, पानातला रोग ज्यांनी ओळखायचा, ती शेपटालाच ओळखायला शिकून बसतात. शेपूट मोठं ना! मग चाचणी रोगाला सोडून शेपटाला हाका मारत बसणार. म्हणून शेपूट कापायचं. त्यासाठी प्रोटीज नावाचं विकर असतं, प्रथिनं कापणारं. आमच्याकडचं प्रोटीज मोठं शिस्तीचं. प्रथिनाची साखळी म्हणजे एकापुढे एक ओवलेले मणी समजा, तर शेपूट आणि प्रथिन यांच्या मधे सात मण्यांची एक ठरलेली खूण ओवून ठेवलेली असते. हे महाराज येतात, ती खूण चाचपतात आणि तिथंच कापतात. इकडे नाही, तिकडे नाही. मला त्या विकराचा फार आदर वाटायचा. आमच्या घरात एवढ्या नेमक्या जागी बोट ठेवून बोलणारं कोणी नव्हतं.

प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आणखी एक छोटी बाटली असायची. काही प्रोटीज थांबता थांबत नाहीत, दिसेल ते कापत सुटतात, त्यांना आवरायचं औषध तिच्यात होतं. आणि ते काढलेलं होतं कच्च्या सोयाबीनच्या दाण्यातून! मी पहिल्यांदा बाटलीवर वाचलं तेव्हा एकटीच हसत सुटले. माझ्या प्रोटीजवर त्याची मात्रा चालत नव्हती, मला त्या बाटलीचं काही काम नव्हतं. पण जीव घाबरा झाला की मी फ्रीज उघडायचे आणि ती जागेवर आहे का बघून घ्यायचे. एवढ्या परक्या वस्तूंमध्ये तेवढीच एक घरची.

आणि घाबरायला कारण होतं. कापलं की माझं प्रथिन बसायचं. रीत अशी होती की आधी प्रथिनाच्या पाण्यातलं मीठ काढायचं. पातळ पिशवीत प्रथिन भरून ती पिशवी अळणी पाण्यात सोडायची, मीठ हळूहळू बाहेर जातं. मिठात आमचं प्रोटीज आळस करतं म्हणून हा उपद्व्याप. मग प्रोटीज टाकायचं, थंड खोलीत ठेवायचं आणि सकाळी बघायचं. मी सकाळी बघायला जायचे तर ट्यूबमध्ये ताक. पांढरंफटक. शेपूट कापलं जायचं अगदी नेमकं, आणि शेपटाचा आधार गेला की माझं प्रथिन तिथल्या तिथं मांडी ठोकून खाली बसायचं. पहिल्यांदा बसलं तेव्हा मी दिवसभर जेवले नाही. दुसऱ्यांदा बसलं तेव्हा मेसमध्ये जाऊन दोन वेळचं एकदम जेवले. रागानं.

आमचे सर शांत स्वभावाचे होते. शांत माणसाची एक पंचाईत असते, तो बोलला की ते खरंच असतं. ते म्हणाले, "नंदा, आता एकाच ट्यूबपुरतं प्रथिन आणि प्रोटीज आहे. हेही बसलं तर हा विषय बंद करू. मी तुला दुसरा देतो." दुसरा देतो! जणू हा कपडा बसत नाही, तो घालून बघ. माझी तीन वर्षं होती त्या ट्यूबमध्ये. मी "हो सर" म्हणाले आणि कोल्ड रूममध्ये जाऊन उभी राहिले, कारण तिथं डोळ्यांत पाणी आलं तरी थंडीमुळे आलं म्हणता येतं.

शेवटची ट्यूब लावायची त्याच दिवशी सकाळी बाबांचा फोन आला.

"नंदे, ढग आले."

एवढाच फोन. आमच्या घरात याला उत्तर नसतं. सोयाबीन पिकून उभं असतं तेव्हाचे दिवस मोठे वाकडे. आधी सोंगावं, म्हणजे कापावं, तर दाणा ओला, बुरशी धरतो. चार दिवस थांबावं तर शेंगा उन्हानं तडकतात आणि दाणे आपोआप मातीत. आणि मधल्या त्या नेमक्या दिवसांत परतीच्या पावसाचे ढग आले तर झालंच. म्हणून आमच्या घरातला कायदा असा की "ढग आले" ऐकलं की हातातलं टाकायचं आणि पळायचं. मामाच्या लग्नात आम्ही तिघं पंगतीतून उठलो होतो, पानात बुंदी तशीच. सोयरे अजून बोलून दाखवतात. त्या वर्षी सोंगणीची टोळी गुत्त्यावर, ठोक पैसे बोलून, ठरलेली होती, पण ती दुसऱ्या गावच्या वावरात अडकली होती. घरात माणसं आम्ही तीन.

मी पळाले. पळायच्या आधी ट्यूब लावली, म्हणजे नुसते हात चालत होते, मन जऊळक्याच्या फलाटावर होतं. प्रोटीज टाकलं, झाकण दाबलं, नाव लिहिलं, थंड खोलीत ठेवलं. सोबतची रेश्मा पक्की नागपूरकर. तिला म्हटलं, "बघत राह्य." आणि निघाले.

गाडीत बडनेरा गेलं. मुर्तिजापूरला एक माणूस टोपली घेऊन चढला, "खारे दाणेऽऽ, खारे दाणे!" आणि मी जागेवरून ताडकन उठले. समोरच्या बाईला वाटलं मला दाणे पाहिजेत, तिनं त्या माणसाला हाक मारून थांबवलं. दाणे कसले! मीठ! मी मीठ काढलंच नव्हतं. पिशवीत भरणं नाही, अळणी पाण्यात सोडणं नाही, सरळ मिठाच्या ट्यूबमध्ये प्रोटीज ओतून आले होते. शेवटचं प्रथिन, शेवटचं प्रोटीज आणि हा असा गोंधळ. लग्नाच्या पंगतीतून उठणाऱ्या घराण्यातलीच पोरगी असलं काहीतरी करू शकते.

रेश्माला फोन लावला. तिचं उत्तर, "अरे यार नंदा! आता काय करू? पिशवीत भरू का?"

मी डोकं धरून बसले. आता मीठ काढायला घेतलं तर प्रोटीज चालू होऊन पहिल्या दोन वेळांसारखंच बसणार. मिठात राहू दिलं तर प्रोटीज आळस करणार, बहुतेक कापणारच नाही. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. "हात नको लावू," मी म्हणाले. "आहे तसं राहू दे." शहाणपणानं म्हणाले असं नाही. काही सुचत नव्हतं म्हणून म्हणाले.

वावरात आम्ही तिघं तीन ओळी धरून सोंगत होतो. सोयाबीनच्या शेंगेवर बारीक लव असते, ती हाताला लागते. म्हणून बायका हातात जुने पायमोजे घालतात. माझ्या हातात बाबांचे फाटके मोजे, अंगठ्याला भोक, आणि त्या भोकातून नेमका अंगठा कापायची सोय. आधीच्या ओळीची धसकटं चपलेतून टोचत होती. आभाळ मालेगावच्या बाजूनं काळं होत यायचं, मग मधेच ऊन पडायचं, मग परत काळं. मी चार झाडं कापायचे आणि खिशातला फोन बघायचे. रेंज एक काडी. काडीही कधी असायची, कधी नसायची.

"काय हून राह्यलं तुले?" भाकर सोडल्यावर बाबा म्हणाले. "इळा चालते इकडं, ध्यान तिकडं. बोट कापशीन एखांदं."

बाभळीच्या सावलीत ठेचा-भाकर खाता खाता मी त्यांना सांगितलं. शेपूट सांगितलं, रिबन सांगितली, ताक झालेली ट्यूब सांगितली, विषय बंद होईल तेही सांगितलं. बाबा शांतपणे चावत होते. आमच्या बाबांना गोष्ट सांगताना ते ऐकताहेत की घास मोजताहेत ते कळत नाही.

"मंग शेपूट कापतं कायले?" ते म्हणाले. "राहू दे. उभं त हाये."

"राहू दिलं त वळख शेपटाचीच होते, बाबा. त्याची सोताची होत नाही."

"आन् कापलं की पडते."

"दोनदा पडलं."

"आता?"

"आता तिसरं हाये. शेवटचं. तिकडं, थंडीत."

"आन् तू इथं."

"मंग तुमीच त बोलावलं न!"

आवाज चढला माझा. मायचा घास हातातच राहिला. बाबांच्या पुढे असं बोलायची आमच्याकडे रीत नाही, आणि मी तरी कधी बोलले होते? पण त्या क्षणी मला खरंच संताप आला होता. त्यांचा, ढगांचा, मिठाचा, माझा. दर आश्विनात दोन शब्दांचा फोन यायचा आणि मी वही, वर्ग, परीक्षा जे असेल ते टाकून यायचे. ते दोन शब्द मला आवडायचेही, हीच तर खरी अडचण होती. माझ्याशिवाय तिथं अडतं, हे ऐकायला कोणाला नको असतं?

बाबा उठले. हात धुतले, विळ्याची धार अंगठ्यावर बघितली आणि ओळीला लागले.

भुलाबाईचे दिवस होते ते. शेजारच्या काकूंच्या अंगणात दिवेलागणीला पोरी जमायच्या, टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी खिरापत. ज्यांना ही गंमत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: खिरापत झाकणाच्या डब्यात आणायची, उघडायची नाही. डबा कानाशी वाजवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी आवाजावरून आत काय ते ओळखायचं. खडखड वाजलं तर फुटाणे, बारीक सळसळ झाली तर साखर. मी दिवसभराच्या घामानं आणि खाजेनं वैतागलेली, नुसती येऊन पायरीवर बसले होते. काकूंची नात माझ्या कानाशी डबा हलवायला लागली.

"वळख आत्या!"

"वाजतच नाही."

"तेच त वळख!"

न वाजणारा डबा फार अवघड. आत शिऱ्यासारखं मऊ काहीतरी घट्ट बसलेलं असतं, नाहीतर चावट पोरींनी रिकामाच डबा आणलेला असतो. दोन्ही सारखेच गप्प. मी "शिरा" म्हणणार तेवढ्यात फोन वाजला. रेश्मा.

"नंदा, बघितलं मी. एकदम क्लिअर आहे. खाली काहीच बसलं नाही!"

मी पायरीवरून उठून अंगणाच्या कडेला गेले, जिथं ती एक काडी टिकायची. आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. स्वच्छ ट्यूबचेही दोनच अर्थ. शेपूट कापलं गेलं आणि तरी प्रथिन उभं आहे, हा एक. नाहीतर मिठामुळे प्रोटीजनं काही केलंच नाही, शेपूट आहे तिथं आहे, म्हणून उभं आहे. डोळ्यांनी दोन्ही तितकंच स्वच्छ दिसतं. वाजवून बघायची सोय नाही. जेलवर चालवून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि ते मी आल्याशिवाय करू नको असं मीच रेश्माला बजावलं होतं.

"अजून राहू दे," मी म्हणाले. मागे पोरी ओरडत होत्या, आत्या हरली, आत्या हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी वाटीभर शिरा पाठवला. मी तो उभ्यानंच खाल्ला आणि त्यात काही शकुन शोधायचा नाही असं स्वतःला दटावलं. तरी शोधलाच.

सोंगणी संपली. सोयाबीनची सुडी, म्हणजे कापलेल्या झाडांची गंजी, रचून झाली, तिच्यावर ताडपत्री ओढून कडांना दगड ठेवून झाले, आणि मग पाऊस आला. आमच्या हातातला शेवटचा दगड खाली ठेवायची वाट बघितल्यासारखा. आम्ही तिघं बांधावरच्या झोपडीत बसलो. ताडपत्रीवर तो ताडताड वाजत होता आणि बाबा सुडीकडे बघत होते. असा पाऊस ऐकण्यात मोठं सुख असतं, दाणा आत आणि पाणी बाहेर. मी मात्र त्या सुखातही पाय हलवत बसले होते. मायनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "बस न वं जराशी," ती म्हणाली. मला बसताच येत नव्हतं.

सकाळी बाबांनी मोटरसायकलवरून जऊळक्याला सोडलं.  मी डब्यात चढले तसे ते खिडकीशी आले.

"फोन कर," म्हणाले. "उभं असो का पडलेलं."

प्रयोगशाळेत पोचले ती तशीच, केसांत सोयाबीनचा पाला. ट्यूब खरंच स्वच्छ होती. फिरत्या यंत्रात घालून फिरवली, तळाला काही नाही. वरचं पाणी जेलवर चढवलं. जेल म्हणजे खरवसासारखी थलथलीत वडी. तिच्यात प्रथिनं आपापल्या आकारानं पळतात, मोठी वर अडकतात, लहान खाली जातात. मग निळा रंग द्यायचा आणि पट्टे दिसायची वाट बघायची. वर एकच जाड पट्टा दिसला तर शेपूट तसंच. खाली दोन वेगळे पट्टे दिसले तर कापलं. रेश्मा माझ्या शेजारी उभी होती. ती मधेमधे म्हणायची, "आला का? तो बघ आला का?" मी म्हणायचे, "गप." जेल सगळंच निळं दिसत होतं, मग हळूहळू कडेचा रंग उतरायला लागला.

वरची जागा रिकामी होती. खाली दोन पट्टे होते. एक शेपटाचा, एक माझ्या प्रथिनाचा. वेगळे, स्पष्ट, आणि दोघंही त्या स्वच्छ पाण्यातून आलेले.

मी मीठ काढायला विसरले, म्हणून ते उभं राहिलं होतं. माझ्या प्रथिनाला मिठाचा आधार लागत होता, आणि प्रोटीजला मिठात हळू का होईना, पण वेळ दिला तर कापता येत होतं. आम्ही दोन्ही वेळा प्रथिनाचा आधार आधी काढून घेतला आणि वर घाई केली. सर आले, जेल उजेडाला धरून बघितलं, आणि "अरे वा" म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांचं एवढं लांब कौतुक मी ऐकलं नव्हतं.

बाबांना फोन लावला तर मागे हडंबा. आमच्या सुडीची मळणी चालू होती. यंत्राच्या आवाजात माणूस स्वतःचं नाव विसरतो.

"उभं हाये!" मी ओरडले.

"आँ?"

"उभं हाये बाबा! उभं हाये!"

"काय म्हनतं?" आणि मग दुसरीकडे तोंड करून ओरडले, "ए, बंद कर रे थे! बंद कर!"

शेलूबाजारहून भाड्यानं आणलेला हडंबा, पुढच्या वावरात त्याची वाट बघणारी माणसं. चालू मळणीत तो बंद करायला लावणारा बाप मी तोपर्यंत बघितला नव्हता. आवाज कमी होत होत थांबला.

"आता सांग."

"कापलं गेलं. आन् उभं हाये."

"शेपूट तुटल्यावरबी?"

"तुटल्यावरबी."

 तिकडे कोणीतरी विचारलं, काय झालं भाऊ, कोनाचा फोन? बाबा म्हणाले, "पोरीचा." मग मला म्हणाले, "चांगलं झालं. ठेव." आणि हडंबा परत सुरू झाला.

मी कोल्ड रूममध्ये गेले आणि थंडीचं निमित्त न करता रडले.

पुढच्या वर्षी आश्विनात फोन आला नाही. मी रोज वाट बघत होते. नागपूरच्या आभाळात ढग दिसले की हातातली ट्यूब खाली ठेवायचे, बॅग कुठं आहे ते आठवायचे. वाटलं, बाबा रागावले, त्या बाभळीखालच्या बोलण्याचं मनाला लावून घेतलं. शेवटी मीच मायला फोन केला. ती म्हणाली, सोंगणी तर होऊनही गेली, टोळी लवकर आणली यंदा.

"मले काहून नाही सांगतलं?"

"मी म्हटलं त्याहिले, बोलवा नंदीले," माय म्हणाली. "त म्हने, नको. कापलं न एकडाव, आता उभं राहू दे तिले."

मी फोन ठेवला, तेव्हा रेश्मा काहीतरी विचारत होती. ते मला ऐकूच आलं नाही. बापानं मोकळं केलं की पोरीनं आनंदानं उडावं, असं सगळे म्हणतात. मला त्या दिवशी आधी राग आला, मग फार पोरकं वाटलं, आणि अभिमान वाटायला आणखी काही वर्षं लागली.

चाचणी झाली. माझं नाव त्यावर आहे. पण ती अजून वावरापर्यंत पोचलेली नाही, कुठल्यातरी थंड कपाटात आहे, आणि काकू अजूनही मला औषधाचं विचारतात. मी वाशीमला नोकरी धरली. मुलांना विकरं शिकवते. सांगते की कुठं कापायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कशात ठेवून कापायचं हेही. पोरं लिहून घेतात.

परवा तेच शिकवत होते. हडंबा गेला, मनगटं खाजली, वाक्य तुटलं. खिडकीतून पाहिलं तर मालेगावच्या बाजूनं आभाळ काळं होत होतं. फोन टेबलावर गप्प पडला होता. मी खडू ठेवला, म्हणाले, "बाकीचं उद्या." मागच्या बाकावरून आवाज आला, "गेल्या मॅडम." या खेपेला मी ऐकल्याचं लपवलं नाही. सरळ स्टेशन गाठलं.

वावरात माय आणि टोळीतल्या दोन बाया वाकलेल्या होत्या. बाबा बांधावर उभे होते, आता ते फार वाकत नाहीत. मला बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"तुले कोनं बोलावलं वं?"

"कोनं नाही. माही मी आली."

त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कमरेला खोचलेले मोजे काढून माझ्याकडे फेकले. "मंग धर थिकडून," म्हणाले, "त्या टोकाकडून."

मोज्याच्या अंगठ्याला भोक होतं. मी ते हातात चढवले आणि त्या टोकाकडे निघाले.